पावसात सेम्परव्हायव्हम कुजतंय, काय करू?

टिळकवाडीची गच्ची:
मावशीनं हिमाचलहून सेम्परव्हायव्हमचे, म्हणजे जाड रसाळ पानांच्या झाडाचे, चार गड्डे (पानांचे गुच्छ) आणून दिलेत, उन्हाळा कसाबसा काढला पण जूनमधी पाऊस लागला आणि दोन मधनंच मऊ होऊन गेले, लाल माती आणि शेणखत घातलंय, रोज थोडं पाणी पण देतोय. लई जीव लावलाय हो, उरलेले दोन वाचवायचेत.

खानापूरकर:
पाणी आजच बंद करा. हे आल्प्सच्या खडकातलं झाड, बर्फ सोसतं पण पाय ओले राहिलेले सोसत नाही, आमच्याकडं तर पाऊस थांबतच नाही म्हणून मी कुंडी पत्र्याखाली ठेवतो, वारं मात्र खेळतं पाहिजे. शेणखत काढून टाका, अर्धी बारीक खडी नायतर मुरूम, थोडी वाळू, बाकी माती. कुजलेली पानं काढा, मूळ दोन दिवस सावलीत सुकवून मग लावा.

शहापूरची ताई:
माझ्याकडं एकाला फुलाचा दांडा आला आणि नंतर ते गड्डंच वाळलं, खूप वाईट वाटलं. पण ते तसंच असतंय, फुललेला गड्डा मरतो नि बाजूला फुटलेली पिल्लं, म्हणजे छोटी रोपं, राहतात, ती वेगळी करून लावा. उन्हाळ्यात दुपारचं ऊन नको, सकाळचं भरपूर द्या.

टिळकवाडीची गच्ची:
एकाला तीन पिल्लं आहेत की! आजच खडी आणतो.