हरतालिकेचा निर्जळी उपवास आणि लिथियम – घरच्यांना काय सांगू?

मला बायपोलर (मनःस्थितीत टोकाचे चढउतार होणारा आजार) आहे, त्यासाठी लिथियमच्या गोळ्या चालू आहेत. नवऱ्याला आणि सासूबाईंना लग्नाआधीपासून माहीत आहे. "मन खंबीर कर, गोळ्या कशाला?" हे सासूबाईंचं बोलणं मी ऐकून सोडून देते. पण हरतालिका निर्जळीच धरायची, असा त्यांचा हट्ट आहे. शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी साफ नाही म्हटलंय. नवऱ्यानं समजावून पाहिलं. "हल्लीचे डॉक्टर काहीही सांगतात," एवढंच उत्तर. पाणी पिऊन, फलाहारावर उपवास करायला माझी ना नाही. अ‍ॅसिडिटीची थाप नकोय, ती दरवर्षी कशी पुरणार? पूजेला जावा-नणंदा जमतात, त्यांना आजार कळू द्यायचा नाहीये. त्यांच्यासमोर सासूबाईंनी पाण्यावरून टोकलं तर नेमकं काय बोलू?