मामांचा जुना ट्यूब अ‍ॅम्प: ट्रान्सफॉर्मर भरून घ्यावा का?

मंगळवारपेठकर
माझे मामा कोल्हापुरातल्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत असत. त्यांच्या माघारी माळ्यावरून एक छोटा अमेरिकन अ‍ॅम्प खाली काढला. नावाची पट्टी केव्हाच गळून पडली आहे. आत १२एएक्स७ (सुरुवातीला आवाज वाढवणारी), ६व्ही६जीटी (स्पीकर चालवणारी आउटपुट ट्यूब) आणि ५वाय३जीटी (विजेचे डीसी करणारी) अशा तीनच ट्यूब आहेत, स्पीकर ८ इंची आहे, व्हॉल्यूमचे एकच बटण आहे आणि मागे ‘११७ व्होल्ट, ६० सायकल’ असा शिक्का आहे. मित्राचा स्टेपडाउन (घरच्या विजेचा दाब कमी करणारा ट्रान्सफॉर्मर) लावून दोन मिनिटे चालवला, तेव्हा गिटारचा आवाज गोड आला; मात्र पाठीमागे सतत ‘घूं’ असा नाद होता. उद्यमनगरात मोटारी भरून देणारे एक गृहस्थ याचा ट्रान्सफॉर्मरही तार नव्याने गुंडाळून २३० व्होल्टला भरून देतो म्हणतात. द्यावा का? आणि एवढ्याशा अ‍ॅम्पवर गणपतीच्या कार्यक्रमात वाजवता येईल का?

जुना रेडिओवाला
ट्रान्सफॉर्मर भरायला देऊ नका. तो शाबूत आहे, आणि मूळ वाइंडिंग एकदा उकलले की परत मिळत नाही. स्टेपडाउनच वापरा; १०० व्हीए क्षमतेचा पुरेल. मात्र तो ११० व्होल्ट देणारा घ्या, १२० चा नको. आपली वीज ५० सायकलची (हर्ट्झची) असल्यामुळे ६० सायकलसाठी बांधलेल्या लोखंडी गाभ्यावर आधीच जास्त चुंबकीय भार येतो. ११० व्होल्टवरसुद्धा तो मूळ हिशेबापेक्षा सुमारे १३ टक्के अधिक असतो, म्हणून ट्रान्सफॉर्मर थोडा गरम लागेल. हात ठेववत नसेल इतका तापला तर बंद करा.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे मूळ दोन तारांची केबल काढून तीन पिनांची घाला आणि अर्थिंग थेट चासीला (आतल्या धातूच्या सांगाड्याला) जोडा. बाजारातले बहुतेक स्टेपडाउन ऑटो पद्धतीचे, म्हणजे एकाच वाइंडिंगचे असतात, त्यांत घरच्या विजेपासून अलगपणा मिळत नाही. विजेच्या तारेतून चासीकडे जाणारा छोटा कपॅसिटर असेल तर तो काढून टाका; तो शॉर्ट झाला की गिटारच्या तारांतूनच झटका बसतो. स्पीकर सोडवून अ‍ॅम्प कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. आणि आत ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो, तो प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतो. मीटरने तपासल्याशिवाय बोट घालू नका.

सहावी तार
वर्णनावरून हा फेंडर कंपनीच्या चॅम्प या छोट्या अ‍ॅम्पच्या ५एफ१ या मंडलाच्या (सर्किटच्या) जातीचा दिसतो; त्यातही याच तीन ट्यूब होत्या. पण पट्टीच नाही, तेव्हा नाव ठामपणे सांगणे बरोबर नाही. १२एएक्स७ ही ट्यूब १९४७ मध्ये बाजारात आली, म्हणजे त्याआधीचा तर तो नक्कीच नाही. स्पीकरच्या कडेवर २२० ने सुरू होणारा आकडा असेल तर स्पीकर जेन्सन कंपनीचा. पुढचे आकडे वर्ष आणि आठवडा सांगतात.

गणपतीचे म्हणाल तर, पाच वॅट आणि पन्नास वॅट यांत फरक १० डेसिबलचा, म्हणजे कानाला साधारण दुप्पट, दहापट नव्हे. तरीही ढोल-ताशापुढे हा टिकणार नाही. समोर माइक लावा आणि मोठा आवाज पीएला (कार्यक्रमाच्या लाउडस्पीकर यंत्रणेला) करू द्या. बटण दोन तृतीयांशापुढे नेले की ६व्ही६ दमते आणि आवाज जाडसर फाटू लागतो. हा अ‍ॅम्प लोक हौसेने शोधतात ते त्या फाटण्यासाठीच. (शेजाऱ्यांचे मत वेगळे असू शकते.)

घूं आवाजाचे मात्र नीट ऐकायला हवे. व्हॉल्यूम शून्यावर ठेवा. आवाज गेला तर दोष बहुधा गिटारकडे किंवा केबलकडे. राहिला तर आत. राहिला, तर त्याचा स्वर गिटारवर जुळवून पाहा. सहाव्या तारेचा तिसरा पडदा ९८ हर्ट्झचा असतो, आणि आपल्याकडे फिल्टर कपॅसिटर (डीसी वीज सपाट करणारे) सुकल्याचा घुमारा १०० हर्ट्झचा. तो पडदा किंचित वर चढवून जुळला तर दोषी कपॅसिटर. त्याच्या बरोबर एक सप्तक खाली जुळला तर फिलॅमेंटची (ट्यूब तापवणाऱ्या तारेची) वायरिंग किंवा अर्थिंग पाहा.

मंगळवारपेठकर
तुम्ही सांगितल्याप्रमाणे चार मिनिटे करून पाहिले. व्हॉल्यूम शून्यावर आवाज तसाच राहिला, आणि तिसऱ्या पडद्यावर तार जराशी ओढली की अगदी एक होतो.

जुना रेडिओवाला
म्हणजे फिल्टर कपॅसिटरच. साठ-सत्तर वर्षांत ते सुकतातच, त्यात माळ्यावरचे आपले पावसाळे. तिन्ही एकदम बदला, ४५० व्होल्टचे घ्या. पहिला मात्र १६ किंवा २२ मायक्रोफॅरडपेक्षा मोठा घालू नका. घुमारा आणखी कमी होईल म्हणून मोह होतो, पण चालू करतानाचा भार ५वाय३ ला झेपत नाही. एकाच आउटपुट ट्यूबच्या अ‍ॅम्पमध्ये दोन ट्यूबांसारखा घुमारा आपसांत कटत नाही, तेव्हा बारीकसा नाद उरेल, त्याच्या मागे लागू नका. काढलेले जुने कपॅसिटर डबीत घालून पेटीतच ठेवा.

मंगळवारपेठकर
काका, तुम्ही कपॅसिटर बदलून द्याल का? अ‍ॅम्प घेऊन मी येतो.