नाणेघाटातला शिलालेख ज्येष्ठांना घेऊन नीट पाहायचा आहे – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात आई-बाबांना घेऊन नाणेघाटात जायचं आहे. बाबा इतिहासाचे शिक्षक होते. निवृत्तीनंतर ब्राह्मी शिकले आणि अभ्यासक मिराशींनी दिलेला, सातवाहन राणी नागनिकेच्या इथल्या शिलालेखाचा पाठ त्यांनी वहीत उतरवून घेतलाय. ‘नमो संकंसन वासुदेवानं’ (संकर्षण-वासुदेवांना नमस्कार) ही ओळ प्रत्यक्ष भिंतीवर वाचायची, हा त्यांचा ध्यास. गुडघ्यांमुळे पायथ्याच्या वैशाखऱ्याहून चढून येणं शक्य नाही, म्हणून डोंबिवलीहून माळशेजमार्गे जुन्नर आणि पुढे घाटघरवरून गाडीने वर जाणार.

शोधलं तर पावसाळ्यातला उलटा धबधबा आणि नानाच्या अंगठ्यावरचे (घाटाशेजारच्या सुळक्यावरचे) फोटो एवढंच सापडतं. ट्रेकची वर्णनं भरपूर आहेत, पण मला हवं ते त्यांत नाही.

वरच्या दगडी रांजणापासून नळीतून (कड्यांमधल्या अरुंद घळीतून) लेख असलेल्या लेण्यापर्यंत उतरायला फार वेळ लागत नाही हे माहीत आहे. पण पायऱ्या किती उंच आहेत? झिजून गुळगुळीत झाल्यात का? आधाराला काही आहे का, की दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून उतरवावं लागेल?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न उजेडाचा. लेख डाव्या-उजव्या भिंतींवर आहे आणि अक्षरं बरीच झिजलेली आहेत. तिरपा उजेड पडला तरच ती उठून दिसणार. तो सकाळी मिळतो की दुपारनंतर? बाजूने विजेरी धरली तर यज्ञांच्या दक्षिणेतल्या गाई, घोडे, कार्षापण (जुनी नाणी) यांचे आकडे ओळखू येतात का? बाबांना त्या अंकांचं फार कुतूहल आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचे अंक आहेत ते. मागच्या भिंतीवरच्या पुतळ्यांची आता पावलंच उरलीत, पण वरची नावं (राया सिमुक, देवी नायनिका म्हणजेच नागनिका, कुमार भाय, महारठी त्रनकयिरो) साध्या डोळ्यांनी वाचता येतात का? की दुर्बीण न्यावी? भिंतींपर्यंत जाऊ देतात, की जाळीबाहेरूनच पाहावं लागतं? अक्षरांवर खडू किंवा पाणी फिरवायचा सल्ला मात्र कृपया कोणी देऊ नका. आधीच खूप झीज झाली आहे.

शनिवार-रविवार टाळणार आहोत. गर्दीत बाबांना शांतपणे उभं राहता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी जुन्नरची लेणी. लेण्याद्रीच्या पायऱ्या झेपणार नाहीत. तुळजा लेण्यांतला बारा खांबांचा गोल चैत्य दाखवायची फार इच्छा आहे, तिथली चढण कितपत आहे?

आणि घाटघरात घरगुती जेवणाची, आईसाठी स्वच्छ शौचालयाची सोय होते का, की सगळं जुन्नरलाच उरकून निघावं? वयस्कर मंडळींना घेऊन हल्ली कोणी गेलं असेल तर जरूर लिहा. गाडी नेमकी कुठपर्यंत जाते तेही सांगा.