आवडत्या रहस्यकथाकाराचं नवं पुस्तक वाचून मन खट्टू झालं? तुमचा अनुभव सांगा

दहावीच्या सुट्टीत जळगावच्या व. वा. वाचनालयातून पहिलं आणलं, तेव्हापासून या लेखकाचं एकही पुस्तक सोडलेलं नाही. नवं दोन रात्रींत संपवलं आणि खूप वाईट वाटलं. खुनी कोण, तर शेवटच्या वीस पानांत उगवलेला चुलतभाऊ! इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यातला पहिलाच असा, की गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागातच येऊन गेलेला हवा. मला हे याच लेखकाच्या जुन्या पुस्तकांनी शिकवलं होतं, म्हणून जास्त लागलं. तुमचंही असं झालं असेल तर लिहा. लेखकाचं नाव नको, काय खटकलं ते सांगा.

•

रावेरहून लिहितोय. माझ्या लेखकाने या वेळी खून चक्क केळीच्या बागेत घडवला. केवढा आनंद झाला होता! पण गुप्तहेर घड कापणाऱ्या मजुराच्या सदऱ्यावर काळपट डाग बघतो आणि वाळलेलं रक्त म्हणून त्याच्यामागे लागतो. अहो, केळीचा चीक कपड्याला लागला की वाळून असाच काळपट पडतो, कितीही धुवा, जात नाही. आमच्याकडे कटाईचे कपडेच वेगळे असतात. मला वाटलं, लेखकाने मुद्दाम हुलकावणी दिली आहे, पुढे चीक निघेल आणि खरा खुनी सापडेल. त्याच भरवशावर शेवटपर्यंत वाचलं. रक्तच निघालं. चीक लेखकाला माहीतच नव्हता! वर तो मजूर पळून केळीच्या झाडावर चढून लपतो. केळीचं खोड म्हणजे पानांच्या देठांचे एकावर एक थर, त्यावर माणूस चढेल कसा? पूर्वी हाच लेखक गाडीची वेळसुद्धा तपासून लिहायचा. एक दिवस बागेत येऊन गेला असता, तर मी स्वतः फिरवून सगळं दाखवलं असतं.

•

रावेरचे दादा म्हणतात ते पटलं. मी भुसावळचा, रेल्वेत आहे. मला वाटतं, दर वर्षी एक पुस्तक द्यायचंच, या घाईत हे होतं. अगाथा ख्रिस्तीने आपल्या गुप्तहेराची, पॉयरोची, अखेरची कथा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून ठेवली होती, ती छापली १९७५मध्ये. हात चालत होता तेव्हाच शेवट लिहून ठेवला. माझ्या लेखकाचा इन्स्पेक्टर मात्र नुसता ओढला जातोय.

•

अमळनेर. आजीला आता दिसत नाही, म्हणून रोज रात्री मी तिला वाचून दाखवते. तिच्या लाडक्या गुप्तहेराचं नवं पुस्तक आणलं. हा माणूस संशयितापुढे गप्प बसायचा, त्याला बोलू द्यायचा. यात पहिल्याच प्रकरणात कानाखाली मारतो. आजी बराच वेळ ऐकत राहिली, मग म्हणाली, “हाऊ तो नई शे.” पुस्तक तिथेच मिटलं.

सध्या आम्ही त्याचं पहिलं पुस्तक पुन्हा वाचतोय. खुनी कोण ते आजीला पाठ आहे, तरी ते पान जवळ आलं की ती मला हळू वाचायला सांगते.