संशोधन, सुधारणा की दुरुस्ती? मानवी हक्क कायद्याबद्दल एक शब्दचर्चा

प्रश्न
‘मानव अधिकार संरक्षण (संशोधन) अधिनियम, २०१९’ हे हिंदी नाव मराठी मजकुरात जसेच्या तसे येते. मराठीत संशोधन म्हणजे शोधकार्य. मग इथे कोणता शब्द घ्यावा? आणि ‘मानवी हक्क कायद्यात सुधारणा व्हावी का’ असे विचारतात, त्यातली सुधारणा तीच का?

प्रतिसाद १
कायद्याच्या मराठीत ‘सुधारणा अधिनियम’ म्हणतात. राज्यघटनेपुरता ‘घटनादुरुस्ती’ रुळला आहे. तेव्हा ‘मानवी हक्क संरक्षण (सुधारणा) अधिनियम, २०१९’ असे लिहावे. ‘मानवाधिकार’ चूक नाही, पण महाराष्ट्रातल्या आयोगाच्या नावातही ‘मानवी हक्क’च आहे. शिवाय मराठीत ‘अधिकार’ म्हटले की अधिकाऱ्याची सत्ताही डोळ्यांपुढे येते. हा कायदा त्या सत्तेपासून माणसाला वाचवण्यासाठी आहे, म्हणून ‘हक्क’ अधिक चपखल.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. एकोणिसाव्या शतकात ‘आधी राजकीय की आधी सामाजिक सुधारणा’ हा वाद झाला, तेव्हापासून या शब्दाला ‘पूर्वीपेक्षा चांगले होणे’ हा अर्थ घट्ट चिकटला आहे. विधेयकावरच्या ‘सुधारणा’ला तो अर्थ नाही, तिथे फक्त मजकुरातला बदल. २०१९ मध्ये काय झाले ते पाहा. पूर्वी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचा अध्यक्ष माजी सरन्यायाधीशच असे, आता सर्वोच्च न्यायालयाचा कोणताही माजी न्यायाधीश चालतो. मुदत ५ वर्षांवरून ३ वर्षांवर आली. मानवी हक्कांचे ज्ञान किंवा अनुभव असलेले सदस्य २ होते ते ३ झाले, त्यांत किमान १ स्त्री असणे बंधनकारक झाले. हा शेवटचा बदल खऱ्या अर्थाने सुधारणा आहे. मुदत कमी करण्याला मी ती म्हणणार नाही. आयोगाच्या हातात मात्र यातून एकही नवा अधिकार आला नाही.

प्रतिसाद २
सहमत. पण ज्या शब्दापाशी हा कायदा अडतो तो शब्द ‘शिफारस’ आहे. मूळ मानवी हक्क संरक्षण अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे चौकशीत उल्लंघन उघड झाले तर आयोग भरपाईची, खटला भरण्याची, आणि चौकशीच्या कोणत्याही टप्प्यावर तातडीच्या अंतरिम मदतीची शिफारस करू शकतो. ‘आदेश’ हा शब्द कायद्याने आयोगाला दिलेला नाही. निदेश, आदेश किंवा प्राधिलेख (रिट) हवा असेल तर आयोगाला सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयात जावे लागते. बोली मराठीत शिफारस म्हणजे कोणासाठी तरी शब्द टाकणे. ती मानली तर मानली.

प्रतिसाद ३
इथे थोडा मतभेद आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२१ मध्ये कलम १८ खालची शिफारस सरकारवर बंधनकारक ठरवली. पटत नसेल तर सरकारने न्यायालयात जावे, ती बाजूला ठेवू नये. म्हणजे शब्द तोच राहून अर्थ बदलू शकतो.

प्रतिसाद २
बरोबर, आणि तो निकाल मोलाचाही आहे. पण एका उच्च न्यायालयाने लावलेला अर्थ दुसऱ्या राज्यातल्या तक्रारदाराला आपोआप मिळत नाही. कायदा सरकारला काय सांगतो? एका महिन्यात, किंवा आयोग देईल त्या वाढीव मुदतीत, केलेल्या वा योजलेल्या कार्यवाहीसह अभिप्राय ‘पाठवील’. कायद्यातले हे ‘-ईल’ सक्तीचे असते, ‘पाठवू शकेल’ असे ते नाही. सक्ती आहे ती अभिप्राय पाठवण्याची. ‘पाठवील’च्या जागी ‘अंमलात आणील, अथवा त्याच मुदतीत उच्च न्यायालयात आव्हान देईल’ एवढे घातले की पुरे. सशस्त्र दलांबाबत तर कलम १९ आणखी तोकडे: केंद्राकडून अहवाल मागवायचा, शिफारस करायची, आणि कार्यवाहीच्या माहितीसाठी ३ महिन्यांची मुदत.

प्रतिसाद ४
तक्रार लिहिणाऱ्यांसाठी शब्दांचीच थोडी मदत. ‘अन्याय झाला’ एवढ्याने तक्रार उभी राहत नाही. कलम १२ मध्ये तीन गोष्टी आहेत: लोकसेवकाने केलेले उल्लंघन, त्याला दिलेले अपप्रेरण (चिथावणी वा साथ), किंवा ते रोखण्यात लोकसेवकाने केलेली हयगय. मारहाण खासगी मालकाने केली आणि पोलिसांनी दखल घेतली नाही, तर तक्रारीत पोलिसांची हयगय लिहा: कोणत्या ठाण्यात, कोणत्या तारखेला, कोणाकडे गेलात, काय उत्तर मिळाले. नुसते मालकाचे नाव लिहिले की तक्रार आयोगाच्या कक्षेबाहेर जाते.

घटनेची तारीख पहिल्याच परिच्छेदात द्या. कलम ३६(२) ची १ वर्षाची मुदत कृत्य घडल्या दिवसापासून मोजतात, तुम्हाला कळल्या दिवसापासून नव्हे. कोठडीतल्या मृत्यूचा शवविच्छेदन अहवाल घरच्यांच्या हाती उशिरा पडतो, तोवर यातले कितीतरी महिने गेलेले असतात. माझ्या मते ‘घडल्यापासून’च्या जागी ‘कळल्यापासून’ ही या कायद्यातली सर्वांत तातडीची दुरुस्ती आहे. तिला मी मुद्दाम दुरुस्ती म्हणतो, कारण इथे काहीतरी मोडले आहे.

राष्ट्रीय आयोगाकडे तक्रार मराठीत चालते, शुल्क नाही. निनावी, मोघम, न्यायप्रविष्ट किंवा नोकरीविषयक प्रकरणे सहसा घेत नाहीत.

प्रश्नकर्ता
आभार. तेव्हा विधेयकाच्या नावात ‘सुधारणा’, आणि कलम १८ व ३६ बद्दल लिहिताना ‘दुरुस्ती’. ‘संशोधन’ काढून टाकतो.