जांघ सारखी भरते. जिममधलं इनर थाय मशीन पुरुषांनी करावं का?

रत्नांग्री_रेडर
नमस्कार मंडळी. रत्नागिरीत नोकरी, वय ३१, गावच्या संघातून कबड्डी खेळतो. मातीवर खेळत होतो तोवर तक्रार नव्हती. आता सामने मॅटवर व्हायला लागले, बूट मॅटला धरतो आणि ताण सगळा उजव्या जांघेत येतो. बोनससाठी पाय लांब टाकला किंवा कोपऱ्यातल्याने घोटा पकडला की मांडीच्या आतून कळ उठते. मग दोन दिवस बाइकवर टांग टाकायची पंचाईत.

जिममध्ये बसून दोन्ही मांड्या जवळ आणायचं एक मशीन आहे. ट्रेनरला विचारलं तर म्हणाला, "ते लेडीज मशीन आहे, तुम्ही स्क्वॉट मारा." शेजारचे दोघं फिदीफिदी हसले. स्क्वॉट मारतोच आहे, फरक शून्य. कोणी हे मशीन नेमाने केलंय का? वजन किती, कसं बसायचं, आणि नुसतं मशीन पुरतं की आणखी काही करायला हवं? गणपती झाले की सराव सुरू होईल, त्याआधी पाय जागेवर आणायचाय.

घाटावरचा_पाहुणा
आमच्या कोल्हापुरात तालमीत जोर-बैठका मारतात, असली मशिनं कुणी बघत नाही. हजार बैठका मारा, जांघ आपोआप गप्प बसते.

मालवणी_मासो
पाहुण्यानू, तुमची तालीम तुमच्याकडे ऱ्हवांदे. माका पण ह्योच त्रास होतो. दुखऱ्या पायान हजार बैठको मारूक गेलो तर दुसऱ्या दिवशी होडयेत कोण चढतलो?
@रेडर, मशीन खुशाल कर रे. आमच्या हंय फुटबॉल खेळणारी सगळी पोरां करतत.

कुडाळची_फिजिओ
मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून सविस्तर लिहिते. आधी दोन-तीन गोष्टी तपासा. खोकताना किंवा जड उचलताना जांघेत दुखतं का, तिथे फुगवटा दिसतो का? दिसत असेल तर मशीन राहू द्या, आधी सर्जनला दाखवा, हर्निया असू शकतो. मांडी घालून बसताना किंवा मोजा चढवताना खोल आत दुखत असेल तर खुब्याचा सांधा बघावा लागतो. आणि मुतखड्याची कळसुद्धा कमरेतून जांघेत उतरते, पण ती मैदानावर पाय टाकण्याची वाट बघत नाही, बसल्या जागी लोळवते. खेळताना "टक्" झालं आणि मांडी काळीनिळी पडली असेल तरी आधी डॉक्टर.

यातलं काही नसेल तर मग हे बहुधा ॲडक्टर, म्हणजे मांडी आत ओढणाऱ्या स्नायूंचंच दुखणं. मांडीच्या आत असे पाच आहेत: पेक्टिनियस, ॲडक्टर ब्रेविस, ॲडक्टर लाँगस, ॲडक्टर मॅग्नस आणि ग्रॅसिलिस. खेळाडूंना बहुतेक वेळा त्रास देतो तो लाँगस, जघनाच्या हाडाला जिथे चिकटतो त्याच्या आसपास. पाय बाहेर फेकला जात असताना त्याला आत खेचून धरायचं काम त्याचं. बोनस घेताना किंवा घोटा पकडला गेल्यावर नेमकं तेच होतं.

तुमचा ट्रेनर अर्धा बरोबर आहे. मॅग्नस हा या पाचांतला सगळ्यात मोठा, आणि खोल बैठकीतून वर उठताना तो भरपूर राबतो. २०१९ च्या एका अभ्यासात दहा आठवडे पूर्ण स्क्वॉट मारणाऱ्यांचे ॲडक्टर ६ टक्क्यांच्या वर वाढले, अर्ध्या स्क्वॉटवाल्यांचे ३ टक्क्यांच्याही आत राहिले. तेव्हा स्क्वॉट मारताय तो खाली कुठवर जातो ते आधी बघा. पण स्क्वॉटमध्ये पाय बाजूला फेकला जात नाही. तो ताण सोसायची सवय वेगळी लावावी लागते, आणि त्याची सुरुवात करायला हे मशीन उत्तम.

"लेडीज मशीन" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगा: २००१ साली अमेरिकेत व्यावसायिक आइस हॉकी खेळणाऱ्या पुरुषांवर अभ्यास झाला. मांडी आत ओढायची ताकद बाहेर ढकलायच्या ताकदीच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी असलेल्यांना जांघेची दुखापत होण्याची शक्यता १७ पट निघाली. हे दोन्ही बाजूचे स्नायू आहेत, बायका-पुरुष सगळ्यांना.

आता बसायचं कसं. पाठ आणि कंबर सीटच्या पाठीला पूर्ण टेकलेली, ढुंगण पुढे सरकवायचं नाही. पॅड गुडघ्याच्या वर, मांडीवर यावं. गुडघ्याच्या आतल्या कडेवरच दाबत असेल तर तिथला लिगामेंट कुरकुरतो. मग सीटजवळची पिन. पाय किती फाकवून सुरुवात होणार ते ती ठरवते, आणि नव्वद टक्के लोक तिला हात लावत नाहीत. आधीच्या माणसाने शेवटच्या भोकात ठेवलेली असते, तुम्ही बसता आणि पहिल्याच झटक्याला जांघ बोंबलते. पहिले दोन आठवडे ताण जाणवणार नाही एवढ्याच अंतरावर ठेवा, मग एकेक भोक बाहेर.

वजन असं की पंधरा वेळा केल्यावर आणखी दोन-तीन निघाली असती असं वाटावं. मांड्या जवळ आणा, क्षणभर धरा, आणि सोडताना तीन आकडे मोजत सोडा. खरं काम या सोडण्यात आहे. प्लेटा खणकन आपटल्या तर ती फेरी धरू नका. दोन सेट, आठवड्यातून दोनदा, हळूहळू तीन सेट. श्वास कोंडू नका, बीपी असलेल्यांनी तर मुळीच नाही.

अलिबागचा_कोपरारक्षक
फिजिओताईंनी सगळं सांगितलंच आहे. एक भर घालतो. मशीनवर बसून ताकद येते, पण मैदानात आपण बसलेले नसतो. जिल्ह्याच्या शिबिरात आम्हाला कोपनहेगन नावाचा व्यायाम लावला होता. कुशीवर आडवं व्हायचं, कोपरावर भार, वरचा पाय जोडीदाराने धरायचा किंवा बाकावर ठेवायचा, आणि त्या पायाच्या जोरावर कंबर वर उचलायची. खालचा पाय मग वर येऊन भेटतो. दिसायला पोरखेळ. पहिल्या दिवशी जास्त केलात तर दुसऱ्या दिवशी एसटीची पायरी चढता येत नाही, हे लिहून ठेवा.

कुडाळची_फिजिओ
@अलिबाग, अगदी बरोबर. नॉर्वेच्या पुरुष फुटबॉलपटूंवर हाच व्यायाम तपासला गेला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. ज्या संघांनी तो केला तिथे जांघेच्या तक्रारींचा धोका ४१ टक्क्यांनी कमी निघाला. हंगामाआधी आठवड्यातून तीनदा, हंगाम सुरू झाल्यावर एकदा. मात्र दुखऱ्या जांघेवर थेट हा करू नका. आधी मशीन, मग गुडघा बाकावर ठेवून सोपा प्रकार, मग घोटा बाकावर.

चिपळूणकरीण
धाग्यात घुसते, रागावू नका. आमच्या जिममध्ये सकाळची बॅच बायकांची, आणि त्या मशीनसमोर रांग असते. सगळ्यांना आतल्या मांडीची चरबी उतरवायची आहे. मी गणपतीपासून शिमग्यापर्यंत केलं. मांड्या घट्ट झाल्या, जिने चढताना फरक कळतो, पण साडी नेसल्यावर घासायच्या त्या अजूनही घासतात. इथली दमट हवा, घामाने तर सालं निघतात. मग ते करून उपयोग काय?
आणि दुसरं, ते मशीन बरोबर दाराच्या समोर तोंड करून ठेवलंय. पाय फाकवून बसलं की येणारा-जाणारा पहिलं तेच बघतो. त्यामुळे अर्ध्या बायका फेऱ्या उरकून पळतात.

कुडाळची_फिजिओ
ताई, ज्या स्नायूला व्यायाम दिला त्याच्यावरची चरबी तेवढीच वितळेल असं शरीर करत नाही. चरबी सगळीकडून थोडी थोडी जाते, आणि कुठून आधी हे तुमची ठेवण ठरवते. बायकांची मांडी बहुधा शेवटी नंबर लावते. मशीन ताकदीसाठी चालू ठेवा, चालणं वाढवा, भाताचं आणि तळणाचं माप बघा. घासण्यावर तातडीचा उपाय म्हणजे साडीखाली गुडघ्यापर्यंतची सुती सायकलिंग शॉर्ट.
बाळंतपण होऊन थोडेच महिने झालेत आणि ओटीपोटाच्या खाली, पुढच्या हाडात दुखतं, अशा बायकांनी या मशीनवर पाय फाकवून बसू नये. आधी तपासून घ्या.
दाराचं म्हणाल तर मालकाला सरळ सांगा, मशीन भिंतीकडे फिरवायला दोन माणसं आणि पाच मिनिटं लागतात.

दापोली_जिमवाला
मीच तो फिरवणारा, म्हणजे माझ्या जिममधलं फिरवलं. बायकांनी सांगितलं तेव्हा सुचलं, हे खरं. दुसऱ्याच दिवसापासून वापर वाढला.

मालक म्हणून एक गोष्ट सांगतो जी इथे कोणी बोलत नाही. आपल्याकडे समुद्राचा खारा वारा आणि चार महिने पाऊस. या मशीनमध्ये प्लेटा ज्या दोन दांड्यांवरून सरकतात त्यांना गंज धरतो. प्लेटा अडकत अडकत वर जातात आणि मधेच सुटून धाडकन खाली येतात. घाटावर तेच मशीन लोण्यासारखं चालतं. जांघ आधीच दुखरी असेल तर हा झटका महागात पडतो. बसण्याआधी कमी वजनावर दोनदा चालवून बघा. अडकत असेल तर मालकाला दांड्या पुसून सिलिकॉन स्प्रे मारायला सांगा. खोबरेल नको, त्यावर धूळ बसून चिकटा होतो. केबलच्या टोकाला तारा सुटलेल्या दिसल्या तर बसूच नका. आणि पावसात पॅडवर बुरशी येते, सोबत पंचा ठेवा.

माझ्याकडे एकाच मशीनवर दोन्ही होतं. पॅड फिरवलं की आतलं, उलट फिरवलं की बाहेरचं. रेडरभाऊ, तुमच्याकडेही तसंच असेल तर दोन्ही करा.

वेळणेश्वर_वाडीतला
आमच्या गावात जिम नाही, गुहागरला जावं लागतं आणि शेवटची गाडी लवकर. मी पडवीच्या खांबाला रबरी बँड बांधून करतो. एक टोक घोट्यात, खांब त्याच पायाच्या बाजूला ठेवून उभं राहायचं, आणि पाय दुसऱ्या पायाच्या पुढून आत ओढायचा. शिवाय जाखडी नाचाच्या तालमी चालू असतात, त्यात गुडघे वाकवून बाजूला झेपावं लागतं, तेही कामी येतं. फिजिओताई, हे मशीनच्या जागी चालेल का?

कुडाळची_फिजिओ
चालेल. जिममध्ये केबलला घोट्याचा पट्टा लावून करतात तोच हा प्रकार. उभ्या पायालाही तोल सांभाळायला लागतो, हा वरचा फायदा. फक्त बँड सोडताना सटकू देऊ नका, आणि खांबाला बांधायच्या आधी त्याला चिरा गेलीय का बघा. पावसाळ्यात कोपऱ्यात पडून राहिलेला बँड तुटतो आणि नको तिथे बसतो.

रत्नांग्री_रेडर
मंडळी, मनापासून आभार. खोकताना दुखत नाही, फुगवटा नाही, मांडी घालून आरामात बसतो. आज संध्याकाळी मशीनवर बसलो. पिन खरंच शेवटच्या भोकात होती! तीन भोकं आत घेतली आणि हलक्या वजनावर केलं, त्रास झाला नाही. त्या दोघांतला एक येऊन विचारून गेला, कशासाठी करतोस म्हणून. आइस हॉकीचं सांगितलं. आता तोही बसणार म्हणतो.

दोन शंका उरल्यात. थोडं दुखत असताना केलं तर चालतं का? आणि सामना असेल त्या आठवड्यात काय करायचं?

कुडाळची_फिजिओ
घरी रोज सकाळी एक चाचणी करा. पाठीवर झोपा, पाय सरळ, दोन्ही घोट्यांच्या मध्ये कुणाला तरी हात आडवा धरायला सांगा, कोपर ते तळवा, आणि पाच सेकंद जोराने दाबा. जांघेतल्या दुखण्याला शून्य ते दहा मार्क द्या. दोनपर्यंत असेल तर ठरलेला व्यायाम करा. तीन ते पाच असेल तर वजन आणि पिन दोन्ही कमी. सहा किंवा वर गेलं तर त्या दिवशी मशीन नाही, मैदानही नाही, आणि दोन-तीन दिवसांत उतरलं नाही तर प्रत्यक्ष दाखवायला या किंवा रत्नागिरीतच कुणाला गाठा.

सामन्याच्या आठवड्यात मशीन एकदाच, सामन्याच्या तीन दिवस आधी. कोपनहेगन नव्याने सुरू करत असाल तर त्या आठवड्यात अजिबात नको.

अलिबागचा_कोपरारक्षक
आणि वॉर्मअपमध्ये नुसते पाय ताणत बसू नका. बाजूला सरकत धावणं, बाजूचे लंज, मग हळूहळू लांब पावलं. थंड अंगाने थेट चढाईला गेलात तर आमच्यासारखा कोपऱ्यातला घोटा धरायला टपलेलाच असतो.

मालवणी_मासो
रेडर, आमच्या हंय सामनो लागलो की सांग. घोटो सोडूचो नाय, आधीच सांगतंय.