कोनशिलेवर शिल्पकाराचं नाव हवं की नको?

नेरुळची_ताई
नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या सोसायट्यांनी वर्गणी काढून बागेच्या तोंडाशी रोहित पक्ष्याचं ब्रॉन्झ बसवायचं ठरवलंय. दरवर्षी ठाणे खाडीत उतरणारा हा पक्षी नवी मुंबईची ओळखच झालाय, म्हणून तोच आमचं मानचिन्ह. शिल्प एक तरुण मुलगा करतोय, मातीकाम पूर्ण झालंय. परवा कोनशिलेचा मजकूर ग्रुपवर आला. उद्घाटक, प्रमुख पाहुणे, समितीचे पदाधिकारी, सगळ्यांची नावं हुद्द्यांसकट. शिल्पकाराचं नाव नाही! विचारलं तर म्हणतात, "त्याला पैसे दिलेत की. वर नाव टाकलं तर त्याची जाहिरात होईल."

मला हे अजिबात पटलेलं नाही. माझी मुलगी वॉर्सात असते. तिने तिथल्या नदीकाठच्या जलपरीचा फोटो पाठवला होता. एका हातात उगारलेली तलवार, दुसऱ्यात ढाल. शहराच्या मुद्रेवर हीच. ती कुणी घडवली हे तिच्या ऑफिसातल्या लोकांना सहज सांगता येतं.

रविवारी मीटिंग आहे. बाहेर काय पद्धत आहे, आपला कायदा काय म्हणतो, आणि ब्रॉन्झवर नाव नेमकं कसं घालतात? ठोस काहीतरी सांगा.

वाशी_ते_वॉर्सा
ताई, कामानिमित्त त्या शहरात राहिलोय. तुमच्या फोटोतली जलपरी लुद्विका नित्शोवा या शिल्पकार बाईंची, १९३९ सालची. मूळ बेत नदीच्या मधोमध काचेची प्रचंड मूर्ती उभारायचा होता. खर्च झेपेना, म्हणून ब्रॉन्झ आणि काठावरची जागा. जुन्या गावातल्या चौकात आणखी एक जलपरी आहे, ती कोन्स्तांती हेगेल यांची, १८५५ ची. ती मुळात जस्ताची. आता मूळ मूर्ती संग्रहालयात आहे आणि चौकात प्रतिकृती. म्हणजे चिन्ह एकच, पण दोन शिल्पकारांनी ते वेगवेगळं पाहिलं आणि लोक दोघांची नावं घेतात. गंमत म्हणजे शहराच्या सर्वांत जुन्या मुद्रांवर ही मुळी जलपरी नाहीच, पक्ष्याच्या पायांचा कुणीतरी विचित्र प्राणी आहे.

नित्शोवाबाईंच्या समोर मॉडेल म्हणून उभी राहिली क्रिस्तिना क्राहेल्स्का, विद्यार्थिनी आणि कवयित्री. पुढे १ ऑगस्ट १९४४ ला जर्मन ताब्याविरुद्ध वॉर्साचा उठाव सुरू झाला, त्यात ही परिचारिका होती. जखमी साथीदाराला मदत करताना तिला गोळ्या लागल्या आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. मूर्ती युद्धातून वाचली. शिल्पकाराचं नाव जपलं म्हणूनच तिच्यामागची ही मुलगीही लोकांच्या लक्षात राहिली, असं माझं मत. हे समितीला जरूर सांगा.

ओतकाम_रबाळे
मी ओतकामातला माणूस, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

आधी तुमच्या फायद्याची गोष्ट: ओतकाम अजून व्हायचंय, म्हणजे वेळ गेलेली नाही. मातीवरून रबराचा साचा निघतो, साच्यातून मेणाची कॉपी. त्या मेणावर साच्याचा थर चढवून भट्टीत तापवतात, मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत धातू ओततात. पुतळ्यांना बहुतेक ८५-५-५-५ हा मिश्रधातू वापरतो, ८५ टक्के तांबं, बाकी कथील, शिसं, जस्त प्रत्येकी ५ टक्के. मातीत जे असेल ते सगळं धातूत येतं. मानेवर शिल्पकाराने अंगठा दाबला असेल तर त्याच्या रेषासुद्धा येतात. मी त्या घासू देत नाही. कारागीर पोरं पॉलिशच्या नादात ग्राइंडर फिरवतात, त्यांना हात धरून थांबवावं लागतं.

तर मेणाची कॉपी तयार झाली की त्या मुलाला कारखान्यात बोलवा. बैठकीच्या मागच्या कडेला, गरम सळीने, मेणातच नाव आणि साल कोरू दे. दोन-तीन मिलिमीटर खोल हवं, नाहीतर फिनिशिंगमध्ये पुसट होतं. ही सही धातूचाच भाग होते, कुणी काढू म्हटलं तरी निघत नाही. स्क्रूने लावलेली सुटी पितळी पट्टी नको, ती चोरीला जाते.

पुण्यातला शिवाजी महाराजांचा १९२८ चा अश्वारूढ पुतळा बघताना आमच्या धंद्यातला कुणीही पहिलं नाव घेतो ते तो घडवणाऱ्या शिल्पकार करमरकरांचं. अलिबागजवळ सासवण्याला त्यांचं घर आता संग्रहालय आहे. समितीला एकदा तिथलं त्यांचं म्हशीचं शिल्प दाखवून आणा. घडवणाऱ्याचं नाव का लिहायचं, हे मग विचारणार नाहीत.

आणि ताई, रोहित पक्ष्याचे पाय! एवढं धड दोन काड्यांवर उभं राहणार. आत स्टेनलेस स्टीलचा रॉड आहे ना, तो थेट चौथऱ्याच्या काँक्रीटमध्ये उतरतोय ना, हे विचाराच. खाडीच्या खाऱ्या हवेला ब्रॉन्झवर फिकट हिरवी पूड धरते, तेव्हा दरवर्षी पावसाळ्याआधी धुऊन मेण लावायची सोय वर्गणीतच धरा.

ऐरोली_वकील
"पैसे दिलेत की" याला उत्तर: कॉपीराइट कायद्याचं कलम ५७. कॉपीराइट विकला तरी ही कृती माझी आहे असं सांगायचा हक्क कलावंताकडेच राहतो. दाखला हवा तर शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचा घ्या. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं त्यांचं ब्रॉन्झचं भित्तिशिल्प सरकारनेच करवून घेतलं होतं. १९७९ मध्ये ते उतरवून गोदामात टाकलं. सेहगल कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे उरलेले भाग त्यांना परत द्यायला लावले, वर ५ लाख रुपये भरपाई. मीटिंगमध्ये भांडणाच्या सुरात नको, पण हा निकाल छापून हातात असू द्या.

नेरुळची_ताई
सगळ्यांचे मनापासून आभार. मजकुरात पहिली ओळ शिल्पकाराची, दुसरी ओतकाम करणाऱ्या कारखान्याची, मग बाकीचे, असा मसुदा आजच टाकते. सहीचं मी थेट त्या मुलाशी बोलले, मेण तयार झालं की तो येतोय. रॉडचं मात्र कुणालाच माहीत नाही. दादा, रॉड किती जाडीचा हवा? शिल्प साधारण सात फुटांचं आहे.

ओतकाम_रबाळे
ताई, नुसत्या उंचीवरून सांगणं धोक्याचं. वजन कळल्याशिवाय आकडा देणार नाही. पायांचे आणि चौथऱ्याचे फोटो पाठवा, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घेतल्याशिवाय ओतू देऊ नका. बागेत पोरं त्याच्या मानेला लोंबकळणारच.